ठिपके किती, तारे किती?

जानेवारी २०२५मध्ये हबल दुर्बिणीने टिपलेलं देवयानी दीर्घिकेचं एक अवाढव्य छायाचित्र प्रसिद्ध झालं. दहा वर्षांहून अधिक काळ, पृथ्वीभोवतीच्या हजारावर फेऱ्यांमध्ये आकाशाचे सुमारे ६०० तुकडे टिपून ते शेजारीशेजारी जोडलेले आहेत. चित्रात २५० कोटी पिक्सेल आहेत आणि २० कोटी तारे सुटे ओळखता येतात. मथळ्यात अर्थातच हे २० कोटी गेले. चित्रासोबतच्या निवेदनातला दुसरा आकडा मागे पडला. तो असा, की देवयानीत एकूण तारे अंदाजे १ लाख कोटी आहेत. म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर पाच हजारांतला एक तारा हाती लागला. आपल्या सूर्यासारखा तारा देवयानीत असेल, तर तो या चित्रात जेमतेम दिसेल. त्याहून मंद तारे मागच्या धूसर उजेडात विरून गेले आहेत.

खोल अवकाशाची छायाचित्रं आता फोनवर रोज येतात. ती पाहून ‘बापरे, किती तारे!’ असं आपसूक तोंडून निघतं. त्या उद्गारात गैर काही नाही. मात्र चित्रातल्या ठिपक्यांची संख्या आणि ताऱ्यांची संख्या यांचं नातं फार वाकडं आहे. काही चित्रांत तारे दिसतात त्याच्या हजारोपट असतात, तर काही गाजलेल्या चित्रांत हजारो ठिपके असूनही तारे जवळजवळ नसतातच. ज्योतिर्विदांना हे कळायला दोनशे वर्षं लागली, आणि वाटेत चांगलेचांगले लोक फसले.

नुसत्या डोळ्यांचा हिशोब आधी पाहू. येल विद्यापीठाच्या तेजस्वी ताऱ्यांच्या सूचीत साडेसहाव्या प्रतीपर्यंतच्या ९,११० नोंदी आहेत. संपूर्ण आकाशात, उत्तर-दक्षिण मिळून, तीक्ष्ण डोळ्यांना दिसू शकणारं हे सगळं धन. त्यातलं अर्धं कोणत्याही वेळी क्षितिजाखाली असतं आणि क्षितिजाजवळचं हवेतल्या धुरकटपणात जातं. अगदी काळोख्या माळरानावरही एका वेळी अडीच-तीन हजार तारे दिसले तर खूप. ज्याला आपण ‘असंख्य’ म्हणतो, ते चिकाटीचा माणूस काही रात्रींत मोजून संपवू शकतो. टॉलेमीच्या प्राचीन यादीत हजारावर तारे होते आणि पुढची दीड हजार वर्षं ती यादी फारशी लांबली नाही.

१६१० साली गॅलिलिओने छापलेल्या पुस्तिकेत कृत्तिकांच्या पुंजक्यात ३६ तारे काढून दाखवले. डोळ्यांना तिथे सहा दिसतात, कुणाला सात. आकाशगंगेचा दुधट पट्टा दुर्बिणीतून पाहिला की ताऱ्यांचाच निघतो, हेही त्याने लिहिलं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या बॉन इथे आर्गेलँडर आणि त्याच्या साहाय्यकांनी जेमतेम तीन इंची दुर्बिणीला डोळा लावून सुमारे ३ लाख २४ हजार ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. त्यात कॅमेऱ्याचा काही भाग नव्हता. डोळा, घड्याळ आणि कागद, बस्स. मला स्वतःला हबलच्या कोणत्याही चित्रापेक्षा हे काम अधिक थक्क करणारं वाटतं.

ताऱ्याचं पहिलं छायाचित्र १८५० सालचं. हार्वर्डच्या वेधशाळेत अभिजित ताऱ्याचा ठिपका चांदीच्या पत्र्यावर उमटला. त्या काळची रसायनं इतकी मंद होती की अशा ठळक ताऱ्यांपलीकडे काही साधेना. कोरड्या प्लेटा आल्या आणि चित्र पालटलं. डोळा प्रकाश साठवू शकत नाही. क्षणभरात आलेला प्रकाश तो मेंदूकडे धाडतो आणि पाटी कोरी करतो, त्यामुळे तासभर टक लावूनही मंद तारा उजळ होत नाही. प्लेटवर मात्र आलेला प्रत्येक कण जमा होत राहतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन या हौशी निरीक्षकाने घरच्या बागेतल्या ३६ इंची दुर्बिणीतून मृगातल्या तेजोमेघाचं छायाचित्र घेतलं. त्यात असे तारे उमटले, जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना कधी दिसले नव्हते. जे दिसतं त्याचं चित्र घेण्याचा काळ संपून चित्रात आलं म्हणून आहे असं मानण्याचा काळ सुरू झाला, तो इथून.

एक वर्ष आधी केपटाउनला डेव्हिड गिलने मोठ्या धूमकेतूची छायाचित्रं घेतली होती. धूमकेतूमागे ताऱ्यांची इतकी दाटी उमटली, की सगळं आकाशच असं टिपावं ही कल्पना तिथून पक्की होत गेली. १८८७मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि जगभरच्या वीस वेधशाळांनी आकाश पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतलं. पुढे त्यात हैदराबादची निजामिया वेधशाळाही आली. चिलीतल्या सांतियागोला नेमून दिलेला दक्षिणेचा पट्टा तिथे पुरा होईना, तो हैदराबादने घेतला, आणि पुढे उत्तरेचाही एक. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे आपल्या काही जिल्ह्यांच्या सरकारी तिजोरीतूनही या जागतिक मोजणीला पैसा गेला, असं म्हणायला हरकत नाही.

या प्रकल्पाबद्दल वाचताना प्लेटा घेणाऱ्यांपेक्षा त्या मोजणाऱ्यांची दया येते. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवायची, प्रत्येक ठिपक्याचे दोन आकडे वाचायचे, लिहायचे, पुढचा ठिपका. व्हॅटिकनच्या वेधशाळेत चार ननना या कामाला बसवलं होतं. १९१० ते १९२१ या काळात त्यांनी ४ लाख ८१ हजारांवर ताऱ्यांच्या जागा मोजल्या. सगळ्या वेधशाळांची बेरीज ४६ लाखांच्या घरात गेली, तोवर अर्ध्या शतकाहून अधिक काळ उलटला होता. त्याच्या जोडीने व्हायचा छापील नकाशा तर कधीच पुरा झाला नाही.

पुण्याचं नाव या काळात येतं ते कावसजी दादाभाई नेगमवाला यांच्यामुळे. कॉलेज ऑफ सायन्समध्ये त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा भारतातली सर्वांत मोठी होती. नेगमवाला १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडईकनालला गेली. शहराने ती का राखली नाहीत, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता फसलेल्यांकडे वळू. विल्यम हर्षलने १७८५मध्ये एक साधी युक्ती केली. आकाशाच्या शेकडो भागांत दुर्बीण रोखून प्रत्येक ठिकाणी किती तारे दिसतात ते मोजलं. जिकडे जास्त तारे तिकडे आकाशगंगा लांबवर पसरलेली, असा तर्क करून त्याने तिचा आराखडा काढला. त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी आला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी नेदरलँड्सच्या याकोबस काप्टाइनने छायाचित्रांवरून, संख्याशास्त्राच्या भक्कम पायावर तोच प्रयोग केला आणि १९२२मध्ये त्याच्याही चित्रात सूर्य मध्याजवळच आला. दोघांचीही मोजणी बरोबर होती, निष्कर्ष साफ चुकला होता. ताऱ्यांच्या मधल्या जागेत धूळ आहे आणि ती प्रकाश खाते. दाट धुक्यात उभ्या असलेल्याला सगळीकडे सारखंच अंतर दिसतं आणि आपण मधोमध आहोत असं वाटतं, तसं हे झालं. रॉबर्ट ट्रम्पलरने १९३०मध्ये धुळीचा पुरावा नीट मांडला. त्याआधी हर्षलला आकाशगंगेतले काळे डाग म्हणजे ताऱ्यांमधली भोकं वाटत. एडवर्ड बर्नार्डने आयुष्यभर त्याच डागांची छायाचित्रं घेतली, तेव्हा कुठे ती भोकं नसून पुढे आलेले धुळीचे ढग आहेत हे हळूहळू पटत गेलं.

धुळीचा हा पडदा किती जाड असावा? धनू राशीच्या दिशेला असलेल्या आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. त्यामुळे केंद्राकडची गर्दी पाहायची तर अवरक्त प्रकाश लागतो, जो धुळीतून बराच सुटतो. चिलीतल्या पारानाल इथल्या व्हिस्टा दुर्बिणीने २०१२मध्ये याच प्रकाशात आकाशगंगेच्या मध्यवर्ती फुगवट्याचं ९०० कोटी पिक्सेलचं चित्र दिलं. त्यात ८ कोटी ४० लाख तारे ओळखले गेले. पुस्तकातल्या चित्रांच्या बारकाव्याने ते छापायचं ठरवलं तर कागद ९ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद लागेल. वेब या अवकाश दुर्बिणीने २०२३मध्ये केंद्राजवळचा एक छोटा तुकडा टिपला, त्यात पाच लाखांच्या आसपास तारे आहेत. चिलीतल्याच डार्क एनर्जी कॅमेऱ्याच्या २०२३च्या सूचीत आकाशाच्या साडेसहा टक्के भागात ३३२ कोटी वस्तू नोंदवल्या आहेत. भाग निवडताना आकाशगंगेचा पट्टाच धरला होता, म्हणून हा आकडा. तोच कॅमेरा दुसरीकडे वळवला असता तर इतकी दाटी मिळाली नसती.

‘दुसरीकडे’ म्हणजे काय, हे १९९५मध्ये दिसलं. हबलचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांच्याकडे स्वतःच्या मर्जीने वापरायचा काही निरीक्षणवेळ होता. त्यांनी तो सप्तर्षीतल्या एका रिकाम्या जागेवर खर्च करायचं ठरवलं. जागा मुद्दाम रिकामी निवडली होती. काहीच न दिसलं तर दुर्बिणीची नाचक्की होईल, असं सांगणारी वजनदार माणसं होती. १८ ते २८ डिसेंबर असे दहा दिवस हबल त्याच बिंदूकडे पाहत राहिली. ३४२ छायाचित्रं एकावर एक रचली. पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या बाराव्या हिश्शाएवढ्या रुंदीच्या त्या तुकड्यात सुमारे तीन हजार ठिपके, ठसे, चकत्या आणि रेघोट्या उमटल्या.

हे चित्र आजही ‘अब्जावधी तारे’ या मथळ्याखाली फिरताना दिसतं. त्यात आपल्या आकाशगंगेतले तारे विसाहूनही कमी आहेत. बाकी प्रत्येक ठिपका एकेक दीर्घिका आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर पाहिलं की आपल्या तारेवस्तीची पातळ चकती लवकर ओलांडली जाते आणि पुढे मोकळं मैदान लागतं. नजर जितकी खोल, तितके तारे कमी आणि दीर्घिका जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं खरं. २००३-०४मधल्या हबलच्या पुढच्या प्रयत्नात, दहा लाख सेकंदांच्या निरीक्षणातून, दक्षिण आकाशात फॉरनॅक्स तारकासमूहाच्या एका कोपऱ्यात दहा हजारांच्या आसपास दीर्घिका सापडल्या. आता चिलीतच व्हेरा रुबिन वेधशाळेचा ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा सुरू झाला आहे. जून २०२५मध्ये त्याची पहिली चित्रं आली. दहा वर्षांत त्याच्या नोंदीत १,७०० कोटी तारे आणि २,००० कोटी दीर्घिका येतील अशी अपेक्षा आहे. ताऱ्यांपेक्षा दीर्घिकांची संख्या जास्त!

तारा आणि दीर्घिका चित्रात ओळखायची एक सोपी खूण आहे. ठिपक्यातून टोकदार किरण निघालेले दिसले तर तो बहुधा आपल्याच आकाशगंगेतला, वाटेत आडवा आलेला तारा. हे किरण ताऱ्याचे नसतात, दुर्बिणीच्या घडणीमुळे उमटतात. हबलच्या चित्रात चार, वेबच्या चित्रात सहा ठळक आणि दोन फिकट. जुलै २०२२मध्ये वेबचं पहिलं खोल चित्र आलं तेव्हा लोकांची नजर याच काटेरी ताऱ्यांवर गेली. ते साडेबारा तासांचं चित्र घेणाऱ्यांच्या दृष्टीने ती मधे कडमडणारी मंडळी होती.

कोणत्या प्रकाशात पाहतो यावरही पुष्कळ अवलंबून. २०२०मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीतून, हबलने पिंजून काढलेल्या भागातल्याच एका दीर्घिकेकडून येणारा तीव्र अतिनील प्रकाश पकडला. तो ९३० कोटी वर्षांचा प्रवास करून आला होता. हबलच्या तुलनेत ॲस्ट्रोसॅटची दुर्बीण अगदी लहान, तरीही हे तिला साधलं.

चित्रातल्या गर्दीबद्दल आणखी एक गैरसमज. गोलाकार तारकागुच्छाच्या छायाचित्रात तारे एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. चित्रातला ताऱ्याचा ठिपका हा ताऱ्याचा आकार नव्हेच. भिंगाच्या आणि आरशाच्या मर्यादेमुळे पसरलेला तो प्रकाशाचा डाग असतो. तेजस्वी ताऱ्याचा डाग मोठा, मंद ताऱ्याचा लहान. खऱ्या चकतीसारखे दिसू शकले असे तारे थोडेच आहेत, मृगातला तांबूस काक्षी त्यांपैकी एक. खरं अंतर जाणून घ्यायचं असेल तर सूर्य म्हणजे एक सेंटिमीटरचा मणी समजा आणि तो पुण्यात ठेवा. त्याचा सर्वांत जवळचा शेजारी, प्रॉक्सिमा, हा मोहरीच्या दाण्याएवढा आणि सरळ रेषेत बेळगावच्या आसपास. मधे कोणीही नाही.

हा प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर असूनही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो खुजा लाल तारा आहे आणि आपल्या आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे याच जातीचे. त्यांतला एकही आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. दूरच्या दीर्घिकेच्या छायाचित्रात तर ते सुटे दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे छायाचित्र आपल्याला ताऱ्यांतले श्रीमंत तेवढे दाखवतं.

मग एकूण तारे किती हे कळतं कसं? मोजण्याचं काम आता संगणक करतो, पण त्याच्यावरही कुणी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. शास्त्रज्ञ चित्रात ठरावीक तेजाचे खोटे तारे मिसळतात आणि संगणकाला पुन्हा मोजायला लावतात. खोट्या शंभरांतले साठच सापडले, तर त्या तेजाचे खरे तारेही साधारण त्याच प्रमाणात हुकले असणार. दाटीच्या जागी हे प्रमाण झपाट्याने घसरतं, कारण दोन डाग मिळून एकच होतात. अशा रीतीने गळती भरून काढता येते, तीही एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे मोजणी सोडून वजनाकडे वळावं लागतं. तारे आणि वायू केंद्राभोवती किती वेगाने फिरतात यावरून दीर्घिकेचं वस्तुमान काढायचं, त्यातून कृष्णद्रव्य आणि वायू वजा करायचा, उरलेल्याला सरासरी ताऱ्याच्या वजनाने भागायचं. आपल्या आकाशगंगेत १० हजार कोटी ते ४० हजार कोटी तारे असा ऐसपैस अंदाज दिला जातो, त्याचं कारण हेच. खुजे तारे नेमके किती यावर भागाकार हलतो. युरोपच्या गाया यानाने २०१४ ते २०२५ या काळात आकाशाची आजवरची सर्वांत काटेकोर मोजणी केली. त्याच्या २०२२च्या सूचीत १८१ कोटी नोंदी आहेत, आणि तरी आकाशगंगेच्या मानाने त्या दोन टक्केही भरत नाहीत.

दीर्घिकांच्या संख्येवर तर वाद झाला. क्रिस्टोफर कॉन्सेलिस आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये हबलच्या चित्रांवरून गणित मांडून दोन लाख कोटी दीर्घिकांचा अंदाज दिला. त्यातल्या बहुतेक इतक्या मंद की कोणत्याही चित्रात आलेल्या नाहीत. पुढे प्लूटोच्याही पलीकडे गेलेल्या न्यू होरायझन्स यानाने मागचा काळोख मोजला. सूर्यमालेतल्या धुळीचा उजेड तिथे जवळपास नसतो. इतक्या न दिसणाऱ्या दीर्घिका असत्या तर आकाश किंचित अधिक उजळ असायला हवं होतं. तसं ते नव्हतं. आता कल काही दहा हजार कोटी दीर्घिकांकडे आहे, आणि मला तो जास्त विश्वासार्ह वाटतो, कारण तो न दिसणाऱ्या गोष्टींच्या अंदाजावर नाही, प्रत्यक्ष मोजलेल्या अंधारावर उभा आहे.

अंधारावरून वॉल्टर बाडेची गोष्ट सांगायलाच हवी. देवयानीच्या कडेचे तारे एडविन हबलला १९२०च्या दशकात सुटे दिसले होते, पण तिचा मध्यभाग म्हणजे धुकट गोळाच होता. दुसऱ्या महायुद्धात माउंट विल्सन वेधशाळेतले बहुतेक शास्त्रज्ञ युद्धकार्याला गेले. बाडे जर्मन नागरिक, म्हणजे शत्रुराष्ट्राचा, त्याला ते काम कोण देणार? तो डोंगरावर राहिला आणि शंभर इंची दुर्बीण जवळजवळ त्याच्या एकट्याच्या हाती आली. खाली लॉस एंजेलिसमध्ये युद्धामुळे दिवे झाकलेले. लाल प्रकाशाला संवेदनशील प्लेटा वापरून, तासन्‌तास दुर्बीण स्थिर धरून त्याने देवयानीच्या मध्यभागाचे आणि तिच्या दोन उपदीर्घिकांचे तारे सुटे केले. १९४४मध्ये ते प्रसिद्ध झालं. कडेचे निळे आणि मधले तांबूस असे ताऱ्यांचे दोन वेगळे समूह आहेत, हा विसाव्या शतकातला एक मोठा शोध त्यातूनच निघाला.

शहरं आता दिवे झाकत नाहीत. जगभरातल्या ५१ हजार लोकांनी २०११ ते २०२२ दरम्यान केलेल्या निरीक्षणांवरून २०२३मध्ये एक अभ्यास आला. त्यानुसार रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. ज्या गावात जन्मलेल्या मुलाला २५० तारे दिसतात, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभर उरतील, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रातलं पेंच २०२४मध्ये भारतातलं पहिलं अधिकृत ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. एकाच्या जागी चार व्हायला हवीत.

आणि मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांना एक विनंती. अवकाशाचं छायाचित्र छापताना ‘लाखो तारे’ हा ठरलेला मथळा देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात आणि चित्राखाली एका ओळीत छापाव्यात. कॅमेरा आकाशाच्या कोणत्या भागाकडे होता, किती तास प्रकाश साठवला आणि कोणत्या तरंगलांबीचा. मूळ निवेदनात या तिन्ही दिलेल्या असतात.